ब्रीदवाक्य झाकल्याचा गुन्हा : न्यू हॅम्पशायरच्या नंबरप्लेटचं प्रकरण

अमेरिकेच्या न्यू हॅम्पशायर राज्यात एका पती-पत्नीने आपल्या मोटारींच्या नंबरप्लेटवरचं राज्याचं ब्रीदवाक्य झाकलं, त्यातून हे प्रकरण उभं राहिलं. त्यांची आणि स्थानिक पोलिस अधिकाऱ्याची नावं इथे वगळली आहेत. तारखा, दंडाच्या रकमा, न्यायालयं आणि न्यायाधीश मात्र नोंदीप्रमाणेच आहेत. अमेरिकी घटनात्मक कायद्यात हे प्रकरण भाषणस्वातंत्र्याच्या धड्यात शिकवलं जातं. निकालातल्या तत्त्वाची चर्चा भरपूर होते, पण ते तत्त्व न्यायालयापर्यंत पोहोचलं ते कोर्टकचेरीच्या दोन-तीन बारीक निर्णयांमुळे, आणि त्यांच्याकडे सहसा कुणी वळून पाहत नाही. इथे भर त्यांच्यावर आहे.

पार्श्वभूमी

अमेरिकेत नंबरप्लेट प्रत्येक राज्य आपापली काढतं. त्यामुळे पाटीवर नंबराखेरीज काय असावं हेही राज्यच ठरवतं. आयडाहोने १९२८ मध्येच पाटीवर बटाटा छापून आपल्या शेतमालाची जाहिरात केली होती. न्यू हॅम्पशायरच्या पाटीवर १९५७ पासून 'सीनिक' म्हणजे निसर्गरम्य हा शब्द होता, १९६३ मध्ये तो वर्षभरापुरता 'फोटोसीनिक' झाला. डोंगर, तळी आणि पानगळ पाहायला पर्यटक यावेत एवढाच त्यामागचा हेतू.

'लिव्ह फ्री ऑर डाय', म्हणजे 'स्वतंत्र जगा, नाहीतर मरा', हे वाक्य जनरल जॉन स्टार्क यांचं. १६ ऑगस्ट १७७७ च्या बेनिंग्टनच्या लढाईत त्यांनी न्यू हॅम्पशायरच्या तुकड्यांचं नेतृत्व केलं होतं. १८०९ मध्ये त्या लढाईतल्या जुन्या सैनिकांनी मेळावा भरवला आणि त्यांना बोलावलं. ऐंशीच्या घरातल्या स्टार्कना प्रकृतीमुळे जाणं शक्य नव्हतं. म्हणून ३१ जुलैच्या पत्रातून त्यांनी शुभेच्छा पाठवल्या : स्वतंत्र जगा नाहीतर मरा, मरण हे काही सर्वांत वाईट संकट नव्हे. १९४५ मध्ये विधिमंडळाने या ओळीचा पहिला भाग राज्याचं ब्रीदवाक्य म्हणून स्वीकारला. १९६९ मध्ये खासगी मोटारींच्या पाटीवर तो असलाच पाहिजे असा कायदा झाला आणि १९७१ पासून 'सीनिक'च्या जागी उठावाच्या अक्षरांत ब्रीदवाक्य आलं.

हा बदल विधिमंडळाला फार मोठा वाटला नसावा. वास्तविक तो मोठा होता. 'निसर्गरम्य' या शब्दाशी कुणाचं वैर असायचं कारण नाही, पण मरण पत्करा असं सांगणाऱ्या वाक्याशी कुणाची तरी श्रद्धा आडवी येणार हे उघड होतं.

अडचण कुठे होती

कायद्यात दोन कलमं एकमेकांशेजारी उभी राहिली. एक, खासगी मोटारीच्या पाटीवर ब्रीदवाक्य हवं. दुसरं, पाटीवरचे आकडे किंवा अक्षरं जाणूनबुजून झाकणं हा गुन्हा. हे दुसरं कलम कशासाठी असतं ते आपल्यालाही ठाऊक आहे. ४१४१ चं 'दादा' करणाऱ्या पाट्यांवर आपले वाहतूक पोलिस कारवाई करतात ती गाडी ओळखता यावी म्हणून. न्यू हॅम्पशायरमध्ये मात्र १९७२ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने 'अक्षरं' या शब्दात ब्रीदवाक्याची अक्षरंही येतात असा अर्थ लावला आणि ते झाकणाऱ्यांच्या बाजूने केलेला भाषणस्वातंत्र्याचा युक्तिवाद फेटाळला. गाडी ओळखण्यासाठी केलेलं कलम इथून पुढे वाक्य राखण्यासाठी वापरलं जाऊ लागलं. प्रकरणाचं मूळ या अर्थविस्तारात आहे.

क्लेअरमाँट गावात राहणारं हे जोडपं 'यहोवाचे साक्षीदार' या ख्रिस्ती पंथाचं. त्यांच्याकडे एक टोयोटा कोरोला आणि एक प्लिमथ स्टेशन वॅगन. त्यांच्या श्रद्धेप्रमाणे खरं राज्य देवाचं, आणि ते अनंत जीवन देतं. सरकारसाठी प्राण देणं त्या श्रद्धेच्या विरुद्ध, मग गुलामीत राहावं लागलं तरी बेहत्तर. पतीने शपथपत्रात दुसरी गोष्टही स्वच्छ लिहिली : राजकीय मत म्हणूनही मला हे वाक्य मान्य नाही, स्वातंत्र्यापेक्षा जीव मोलाचा आहे. ही दुसरी ओळ पुढे कामाला आली. वाद निव्वळ धर्माचा राहिला नाही, कुणाच्याही मताचा झाला.

१९७४ च्या सुरुवातीपासून दोघांनी पाटीवरचं ब्रीदवाक्य चिकटपट्टीने झाकायला सुरुवात केली. शेजारची पोरं ती पट्टी सारखी काढून टाकत. मे-जूनच्या सुमारास पतीने वैतागून 'ऑर डाय' हे शब्द पत्र्यातून कापूनच काढले आणि ते भोक व उरलेलं 'लिव्ह फ्री' दोन्ही पट्टीने झाकलं. खटल्याच्या दृष्टीने हे धोक्याचं होतं. पट्टी काढली की पाटी जशीच्या तशी असते. पत्रा कापला की सरकारी वस्तूची मोडतोड, आणि मग सगळी चर्चा मताऐवजी नासधुशीवर गेली असती. पुढे नवीन पाट्या मिळाल्या आणि पाटी कापण्याचा आपला इरादा नाही असं दोघांनी न्यायालयापुढे स्पष्ट केलं. एवढ्या एका खुलाशाने वाद पुन्हा चिकटपट्टीपुरता झाला.

समोर कोणते पर्याय होते

पट्टी काढून टाकणं हा पहिला पर्याय, तो त्यांच्या मनालाच मान्य नव्हता. प्रत्येक वेळी दंड भरून पट्टी तशीच ठेवणं हा दुसरा. त्यात गुन्ह्यांची नोंद वाढत जाते, शिक्षा चढत जाते, आणि मूळ प्रश्न कधीच ऐरणीवर येत नाही.

तिसरा, शिक्षेविरुद्ध राज्याच्याच वरच्या न्यायालयात अपील. पण १९७२ च्या निकालामुळे तिथला दरवाजा बंद असल्यासारखाच होता. अपील करत करत अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत जाता आलं असतं, पण तिथे प्रकरण ऐकायचं की नाही हे न्यायालयाच्या हातात, आणि तोवर वर्षं गेली असती.

चौथा पर्याय फेडरल, म्हणजे केंद्राच्या, न्यायालयाचा. राज्याच्या अधिकाऱ्याने घटनेतला हक्क हिरावला तर फेडरल न्यायालयात दावा लावता येतो, अशी तरतूद १८७१ च्या नागरी हक्क कायद्यापासून आहे. इथे खरी अडचण अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाच्या १९७१ च्या 'यंगर' निकालाची होती. राज्यात फौजदारी खटला चालू असेल तर फेडरल न्यायालयाने सहसा त्यात हात घालू नये, आरोपीने आपलं म्हणणं तिथेच मांडावं, असं त्या निकालाने सांगितलं होतं. म्हणजे राज्यातला खटला जिवंत ठेवला तर हा दरवाजा बंद, आणि तो संपवला तर शिक्षा भोगलेली.

राज्यापुढेही पर्याय होते. ज्याला नको त्याला ब्रीदवाक्याविना पाटी देता आली असती. या जोडप्याने पुढे दाव्यात तशी पाटी मागितलीही. पोलिसांना फक्त नंबर झाकलेल्या पाट्यांवरच कारवाई करा असं सांगता आलं असतं. राज्याने खटल्याचा रस्ता धरला.

काय काय घडलं

२७ नोव्हेंबर १९७४ रोजी पतीवर पहिली कारवाई झाली. ६ डिसेंबरला तो लेबनन जिल्हा न्यायालयात वकिलाशिवाय उभा राहिला, गुन्हा नाकारला आणि आपला धार्मिक आक्षेप समजावून सांगितला. दोषी ठरला; २५ डॉलर दंड, पण चांगल्या वर्तणुकीच्या अटीवर स्थगित. २८ डिसेंबरला दुसरी कारवाई, ३ जानेवारी १९७५ ला तिसरी. पाच-साडेपाच आठवड्यांत तीन वेळा, एकाच गोष्टीसाठी.

३१ जानेवारीला दोन्ही नव्या प्रकरणांची सुनावणी झाली, पुन्हा वकिलाविना. दुसऱ्या गुन्ह्यासाठी ५० डॉलर दंड आणि ग्राफ्टन काउंटीच्या तुरुंगात ६ महिने. तुरुंगवास स्थगित केला, पण आधीचे २५ डॉलरही भरायला सांगितले. एकूण ७५ डॉलर. सदसद्विवेकाला पटत नाही म्हणून दंड भरणार नाही, असं पतीने न्यायाधीशांना सांगितलं. त्यावर १५ दिवसांची कैद झाली आणि ती त्याने पूर्ण भोगली. तिसऱ्या प्रकरणात तो दोषी ठरला, पण शिक्षा पुढे ढकलली गेली. वेगळी शिक्षा झालीच नाही.

पत्नीवर एकदाही गुन्हा दाखल झाला नव्हता. तरी मोटारी दोघांच्या नावावर होत्या, म्हणून ४ मार्च १९७५ च्या फेडरल दाव्यात दोघंही वादी झाली. दाव्यातली मागणी इथे नीट पाहावी. झालेल्या शिक्षा रद्द करा असं त्यांनी म्हटलं नाही. दंड परत द्या, नोंद पुसा, असंही नाही. यापुढे ब्रीदवाक्य झाकल्याबद्दल आमच्यावर कारवाई करू नका आणि ब्रीदवाक्याविना पाटी द्या, एवढंच. ११ मार्चला एका न्यायाधीशांनी तात्पुरता मनाई हुकूम दिला.

१८ मार्च १९७५ रोजी, म्हणजे दावा दाखल झाल्यावर दोनच आठवड्यांनी, अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने दुसऱ्या एका प्रकरणात 'यंगर'चा नियम आणखी आवळला : राज्यातला निकाल विरुद्ध गेला तर राज्यातली सगळी अपिलं संपवल्याशिवाय फेडरल न्यायालयात येऊ नये. राज्याने लगेच तो आधार घेतला. पतीने अपील केलंच नव्हतं, तेव्हा दावा इथेच फेटाळावा, असा त्यांचा युक्तिवाद. वर सांगितलेली मर्यादित मागणी कामाला आली ती या ठिकाणी. जुन्या शिक्षा भोगून झाल्या आहेत, त्यांचे परिणाम पुसून मागितलेले नाहीत, प्रश्न उद्याच्या कारवाईचा आहे. तेव्हा राज्यातल्या निकालात ढवळाढवळ होत नाही, असं न्यायालयाने मानलं. पाच आठवड्यांत तीन खटले झाल्यामुळे चौथ्याची भीती खरी आहे हेही सिद्ध करावं लागलं नाही.

राज्याचा कायदा घटनाबाह्य म्हणून थांबवायचा असेल तर त्या काळच्या नियमाप्रमाणे तीन न्यायाधीशांचं खंडपीठ बसायचं आणि त्यावरचं अपील थेट सर्वोच्च न्यायालयात जायचं. ९ फेब्रुवारी १९७६ रोजी खंडपीठाने जोडप्याच्या बाजूने निकाल दिला. पण दिलेलं कारण जरा कच्चं होतं. ब्रीदवाक्य झाकणं ही प्रतीकात्मक अभिव्यक्ती, म्हणजे शब्दांऐवजी कृतीतून मांडलेलं मत, आहे, म्हणून तिला संरक्षण आहे, असं त्यांनी म्हटलं. ज्याला काही व्यक्त करायचं आहे तो झाकलेली पाटी मिरवेल. या दोघांना तर ब्रीदवाक्यच नसलेली पाटी चालणार होती! तशी पाटी मिळाली असती तर झाकण्यातून व्यक्त होणारा निषेध उरलाच नसता. ही विसंगती सर्वोच्च न्यायालयाने नेमकी पकडली.

निकाल

२९ नोव्हेंबर १९७६ रोजी युक्तिवाद झाले. राज्याचे महाधिवक्ता तेव्हा डेव्हिड सूटर होते, जे १९९० मध्ये स्वतः सर्वोच्च न्यायालयात न्यायाधीश झाले. २० एप्रिल १९७७ रोजी ६ विरुद्ध ३ असा निकाल लागला. सरन्यायाधीश वॉरन बर्गर यांनी प्रतीकात्मक अभिव्यक्तीचा मार्ग सोडला आणि सरळ म्हटलं की बोलण्याचा हक्क आणि न बोलण्याचा हक्क एकाच स्वातंत्र्याचे भाग आहेत. आधार १९४३ चा : वेस्ट व्हर्जिनियातल्या शाळांत झेंड्याला सलामी सक्तीची करता येणार नाही, हा निकाल. त्यातले अर्जदारही याच पंथाचे होते. सलामी ही कृती असते आणि पाटी नुसती बसवलेली असते, हा फरक न्यायालयाने मान्य केला, पण तो प्रमाणाचा फरक आहे असं म्हटलं. रोजच्या वापरातल्या खासगी वस्तूला राज्याच्या विचाराचा चालता-फिरता फलक बनवता येणार नाही.

राज्याने दोन कारणं दिली होती. पहिलं, ब्रीदवाक्यामुळे खासगी मोटारीची पाटी पोलिसांना चटकन ओळखता येते. ते टिकलं नाही. खासगी पाटीवर दोन अक्षरं आणि चार आकडे असा साचा होता, तो दुसऱ्या कुठल्याच वर्गाला नव्हता. सुमारे ३,२५,००० पाट्यांपैकी ९,९९९ पाट्यांवर फक्त आकडे होते, पण तेवढ्यासाठी सगळ्यांवर वाक्याची सक्ती हा उपाय गरजेपेक्षा कितीतरी मोठा.

शिवाय राज्याच्या स्वतःच्या नियमांतच या कारणाला छेद होता. ट्रेलर, शेतीची वाहनं, मोटार विक्रेते, जुन्या संग्राह्य मोटारी, माजी सैनिक, शेरीफ, एवढंच काय, राज्यपाल, महाधिवक्ता आणि राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाचे न्यायाधीश, या सगळ्यांच्या पाट्या ब्रीदवाक्याविना निघत होत्या.

दुसरं कारण इतिहास, व्यक्तिस्वातंत्र्याची जाण आणि राज्याचा अभिमान जपण्याचं. राज्याने हे खुशाल करावं, पण विचार पसरवण्याचं हित कितीही मोलाचं असलं तरी न पटणाऱ्या माणसाला त्याचा वाहक बनवण्याइतकं ते मोठं नाही, असं उत्तर मिळालं. मग नोटांवरच्या 'इन गॉड वी ट्रस्ट'चं काय, असा प्रश्न येणारच होता. नोट खिशात असते, हातोहात जाते, तिच्यावरचं वाक्य धारक लोकांना दाखवत फिरत नाही, असं बर्गर यांनी तळटीपेत नोंदवलं.

न्या. विल्यम रेंक्विस्ट यांचं भिन्नमत दुर्लक्ष करण्यासारखं नाही. पाटी सगळ्यांनाच लावावी लागते, त्यामुळे ती पाहून मालकाचं मत काय असेल असा अंदाज कुणी बांधत नाही. आणि नापसंती दाखवायची तर बंपरवर स्टिकर लावायला मनाई नव्हती. माझ्या मते हा युक्तिवाद मोडतो तो अशासाठी की राज्य आधी माझ्या गाडीवर वाक्य लावणार आणि मग ते माझं नाही हे सांगण्याचा भार माझ्यावर टाकणार. न्या. बायरन व्हाइट यांचा आक्षेप वेगळा होता : कायदा लागू होत नाही असं नुसतं जाहीर केलं असतं तरी राज्याने ते पाळलं असतं, मनाई हुकमाची गरज नव्हती.

ब्रीदवाक्य रद्द झालं नाही. ते आजही न्यू हॅम्पशायरच्या पाट्यांवर आहे. ज्याला पटत नाही तो ते झाकू शकतो. तिथे राहायला जाणाऱ्याने एवढं ध्यानात ठेवावं की संरक्षण ब्रीदवाक्याच्या पट्टीपुरतं आहे. नंबर झाकला तर हा निकाल उपयोगी पडणार नाही.

आपल्या सर्वोच्च न्यायालयाने १९८६ मध्ये केरळच्या राष्ट्रगीत प्रकरणात याच पंथाच्या तीन मुलांना शाळेत परत घ्यायला सांगितलं. ती मुलं उभी राहत, पण गात नसत. न्या. चिन्नप्पा रेड्डी यांच्या त्या निकालातही १९४३ च्या अमेरिकी निकालाची चर्चा आहे. भारतात पाटीवर घोषवाक्याला जागाच नाही, त्यामुळे पाटीचा असा प्रश्न इथे उभा राहिलेला नाही.

वेगळं काय करता आलं असतं

पतीने तीनही सुनावण्यांत वकील घेतला नाही. इतर कुठल्याही प्रकरणात हा सल्ला कुणी देणार नाही. पहिल्याच तारखेला वकील असता तर बहुधा त्याने अपील केलं असतं. गंमत म्हणजे ते अपील चालू असतं तोवर 'यंगर'च्या नियमामुळे फेडरल दावा टिकला नसता. म्हणून १५ दिवसांची कैद टाळता आली असती, हे म्हणणं सोपं आहे. पण ती भोगून संपल्यामुळेच दावा फक्त पुढच्या काळापुरता मांडता आला. ज्याला तुरुंगाविना त्याच जागी पोहोचायचं होतं त्याने दंड भरून, अपील न करता, पुढच्या कारवाईआधी दावा लावायला हवा होता. पत्नी ज्या स्थितीत होती, म्हणजे कारवाईची भीती आहे पण खटला नाही, ती वादी म्हणून सर्वांत निर्वेध होती. पहिला दावा एकटीने तिनेच आधी लावला असता तर 'यंगर'चा अडथळा कदाचित आलाच नसता.

पाटी कापण्याऐवजी पहिल्या दिवसापासून नोंदणी कार्यालयाकडे ब्रीदवाक्याविना पाटीसाठी लेखी अर्ज आणि त्याला लेखी नकार हवा होता. तो कागद हाती असता तर आम्हाला काही दाखवायचं नाही, फक्त दाखवायला भाग पडायचं नाही, हे खालच्या न्यायालयातच पुढे आलं असतं आणि प्रतीकात्मक अभिव्यक्तीचा वळसा टळला असता.

राज्याच्या बाजूने चूक १९६९ मध्येच झाली. सवलतींच्या यादीत राज्यपालापासून ट्रेलरपर्यंत सगळे बसले, पण आक्षेप असलेल्या माणसाचा रकाना ठेवला नाही. ब्रीदवाक्याविना पाट्या निघतच होत्या, त्यामुळे वेगळ्या छपाईचा खर्चही पुढे करता आला नसता. १९७२ चा निकाल राज्याच्या बाजूने लागला तेव्हा हा रकाना जोडायची उत्तम वेळ होती, कारण जिंकलेल्या बाजूने दिलेली सवलत माघार ठरत नाही. त्याऐवजी तो निकाल पोलिसांच्या हातात पडला आणि नंबर स्वच्छ दिसत असलेल्या गाडीवर पाच आठवड्यांत तीन खटले भरले गेले. महाधिवक्त्यांच्या कार्यालयात कुणी सवलतींची यादी युक्तिवादाआधी शेजारी ठेवून वाचली असती, तर ओळख पटवण्याचं कारण त्यांनी स्वतःहूनच मागे घेतलं असतं.